रफ्हा ते तुरैफ, एक तास आठ मिनिटं

माझ्या वहिनीने एम.एस.-सी.आय.टी.चा कोर्स केला नसता, तर यातलं काहीच घडलं नसतं.

स्मृती ही माझ्या धाकट्या भावाची, यतीनची बायको. चिपळूणला असते. चाळिशी उलटल्यावर तिने तो कॉम्प्युटरचा कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये टांगलं, आणि त्या दिवसापासून तिचा माणसांच्या सांगण्यावरचा विश्वासच उडाला. गाड्यांच्या वेळा, साबुदाण्याच्या खिचडीतल्या कॅलरी, गुडघ्याचं ऑपरेशन, काहीही असो, ती कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन बघून येई. ती बघून आली की विषय संपला.

मी तेव्हा सौदी अरेबियाच्या अगदी वरच्या अंगाला, रफ्हा नावाच्या गावात सरकारी इस्पितळात नर्स होते. अकरा वर्षं झाली होती. वय सेहेचाळीस, लग्न नाही. का नाही, याला काही मोठं कारण नव्हतं. आधी भावंडांची शिक्षणं झाली, मग आईचं अंथरूण झालं, आणि मग लोकांनी विचारायचं सोडलं. लोक विचारायचं थांबले की कसं मोकळं वाटतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मी मोकळी होते. स्मृतीला मात्र ते बघवत नव्हतं.

२००७ संपता संपता आमच्या इस्पितळातले एक डॉक्टर सुट्टीवरून परतले. त्यांच्यासोबत तिने माझ्यासाठी कुळथाचं पीठ पाठवलं. पिशवीत पिठाच्या पुडीला रबर लावून दोन कागद गुंडाळले होते. पहिल्यावर एका माणसाची माहिती होती. कमलाकर खातू, वय बावन्न, मूळचे देवरुखचे. पत्नी नऊ वर्षांपूर्वी वारली. मुलगी ज्ञानदा पुण्यात फार्मसीला. हे स्वतः तुरैफच्या सरकारी इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन. तुरैफ, सौदी अरेबिया, उत्तर सीमा प्रांत. प्रांत माझाच.

दुसरा कागद इंटरनेटवरून छापलेला होता. वर एक नकाशा, त्यावर दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी निळी रेघ. खाली लिहिलं होतं: रफ्हा विमानतळ ते तुरैफ विमानतळ, अंतर पाचशे दहा किलोमीटर, विमानप्रवासाची वेळ एक तास आठ मिनिटं. समासात स्मृतीचं अक्षर. ‘चिपळूण-रत्नागिरी एस.टी.ला याच्या दुप्पट वेळ लागतो.’

याच कागदाची एक प्रत तिने रत्नागिरीच्या विवाह मंडळात दिली होती. मंडळाने ती त्यांच्या मुलीकडे पाठवली, आणि मुलीने बाबांना फोन करून सांगितलं, की एवढ्या मोठ्या देशात आपल्याकडची बाई एका तासावर आहे, आता नाही म्हणू नका. एकूण, त्या निळ्या रेघेवर दोन्ही घरं भाळली होती.

खरं सांगायचं तर मीही. अकरा वर्षांत रफ्ह्याच्या विमानतळावरून रियाधशिवाय कुठे विमान गेलेलं मी पाहिलं नव्हतं. पण छापलेलं होतं, नकाशा होता, मिनिटंसुद्धा दिली होती. आठ. कुणी थाप मारली असती तर दहा म्हटलं असतं.

फोन सुरू झाले. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या रविवारी, संध्याकाळी पाचला. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने “हॅलो सिस्टर” म्हटलं, आणि नंतर इतका वेळ गप्प बसले की मला वाटलं लाइन गेली. बिचारे तीस वर्षं सगळ्या नर्सना तेच म्हणत आलेले. त्यानंतर त्यांनी मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. सगळी वाक्यं मधूनच सुरू करायचे. “तर काय, काल इथे पाणी गोठलं नळात.” तुरैफला थंडी भयंकर, बर्फसुद्धा पडतं. त्यांचं बोलणं बेताचं, पण मी बोलले ते त्यांच्या लक्षात राहायचं. मी एकदा ओझरतं म्हटलं होतं, की इथे फणसाच्या गऱ्यांची फार आठवण येते. दोन शुक्रवारांनी म्हणाले, की जेद्दाला शराफियाच्या बाजारात मिळतात म्हणे डब्यातले, एक जण तिकडे निघालाय, त्याला सांगून ठेवलंय. डबा शेवटपर्यंत आला नाही. पण सांगून ठेवलं होतं.

बायकोविषयी मी एकदाच विचारलं. “अपघात झाला,” एवढंच म्हणाले, आणि मग बराच वेळ नळाविषयी बोलत राहिले.

माझ्या खोलीत इस्मत राहायची. औरंगाबादची. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, पण मला सल्ले द्यायचे तर आजीच्या वरची. आम्ही दोघी महिन्यातून एकदा बाहेर जेवायला जायचो. तिथल्या हॉटेलांना दोन दारं असतात, एक पुरुषांचं आणि दुसरं कुटुंबांचं. बायकांनी दुसऱ्यातून जायचं. त्यावर ‘आइलात’ लिहिलेलं असतं, म्हणजे कुटुंबं. अरबीतला मला स्वतःहून वाचता आलेला पहिला शब्द तो. कुणी शिकवला नव्हता. चुकीच्या दाराने गेलं की ओरडा बसतो, म्हणून शिकले. त्या दारातून शिरताना इस्मत दर वेळी म्हणायची, “चला, आपण दोघी कुटुंब.” आणि पडदा ओढून आम्ही कोंबडीभात खायचो.

मार्चमध्ये कराराचा फॉर्म आला. हिजरी महिना संपायच्या आत भरून द्यायचा. त्यात तीन चौकोन होते. एकात खूण केली की आहे तिथेच पुढची दोन वर्षं. दुसऱ्यात केली की फायनल एक्झिट, सामान बांधायचं आणि घर. तिसरा चौकोन प्रांतातल्या दुसऱ्या इस्पितळात बदलीचा. त्याच्यापुढे गाव आणि कारण लिहायला जागा होती. अकरा वर्षांत मी तिसऱ्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं.

यतीनचं म्हणणं, हे जमत असेल तर ठीक, नाहीतर आता परत ये, मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतो. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण ती मागची खोली मला माहीत होती. तिच्या खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते. त्या खोलीत मी आत्या म्हणून राहणार, आणि पाहुणे आले की स्वयंपाकघरात निजणार. आणि इकडे रफ्ह्यात आणखी दोन वर्षं म्हणजे आणखी चोवीस वेळा कोंबडीभात. त्यातही इस्मतचं लग्न ठरत आलेलं. मधला रस्ता फोनवरच्या माणसाकडून जात होता, आणि त्या माणसाला मी पाहिलेलंच नव्हतं. फोनवर कुणीही चांगला वाटतो. फोनवर मीसुद्धा चांगली वाटते. म्हणून ठरवलं, फॉर्म देण्याआधी एकदा समोरासमोर भेटायचं. एक तास आठ मिनिटांचा तर प्रश्न होता.

गावात तिकिटांचं एकच दुकान होतं, आणि तिथे हैदराबादचा सिराजुद्दीन बसायचा. मी त्याच्यापुढे स्मृतीचा कागद ठेवला आणि म्हटलं, या विमानाचं गुरुवारचं जाऊन-येऊन तिकीट दे. त्याने कागद नीट वाचला. उलटा करून मागची बाजूही पाहिली. मग फार अदबीने म्हणाला, “बाजी, ये जहाज कागज पे उडता. आसमान में नहीं उडता.”

मग त्याने मला समजावून सांगितलं. त्या साइटला कुठल्याही दोन विमानतळांची नावं द्या, ती मधलं अंतर मोजते, विमानाच्या वेगाने भागते आणि वेळ सांगते. विमान आहे की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. रफ्ह्याहून तुरैफला जायचं तर आधी खाली रियाधला जायचं, सहाशे किलोमीटर. तिथे बसायचं. मग पुन्हा वर तुरैफला, हजारावर. ते विमानही रोज नाही. गुरुवारी गेलात तर परतायला रविवार.

त्याच्या मागे भिंतीवर जुना नकाशा होता. त्यावर रफ्ह्यापासून तुरैफपर्यंत एक सरळ रेघ दिसली, अगदी स्मृतीच्या निळ्या रेघेसारखी. मी बोट ठेवून विचारलं, मग हे काय आहे. तो म्हणाला, ती तेलाची जुनी पाइपलाइन. ही सगळी गावंच तिच्या पंपांपाशी वसलेली: रफ्हा, अरार, तुरैफ. आता ती बंद आहे, पण तेल मात्र इतकी वर्षं सरळ गेलं. माणसांनीच रियाधला वळसा घालायचा.

तिच्या कडेने रस्ता जातो, बसही जाते, सहा-सात तासांची. पण एकट्या बाईला त्या बससाठी इस्पितळाने पत्र दिलं नसतं, आणि पत्राशिवाय आम्ही गावाबाहेर पडू शकत नव्हतो. पडले असते तरी तुरैफला उतरून राहणार कुठे? कमलाकर खातूंच्या घरी? दुसऱ्या दिवशी दोघांनाही फायनल एक्झिट मिळाला असता, फॉर्म न भरता.

शुक्रवारी मी त्यांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते हळहळतील आणि नळाकडे वळतील. पण ते म्हणाले, त्यांना डिसेंबरपासून माहीत होतं. तिकिटाची चौकशी त्यांनी माझ्या आधीच केली होती. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, “तुम्हाला मी तासाभरावर वाटत होतो. बरं वाटत होतं.”

मग तेच म्हणाले, दोघांनाही रियाधवरूनच जावं लागणार असेल तर तिथेच का भेटू नये? गावात नाही, विमानतळावरच. तिथल्या खुर्च्यांवर कोण कुणाशेजारी बसलंय, हे कुणी विचारत नाही. सिराजुद्दीनने चिठ्ठीवर वेळा मांडून दिल्या. माझं विमान साडेदहाला रियाधला, त्यांचं अकराला. माझं परतीचं पावणेचारला, त्यांचं साडेचारला. पावणेपाच तास मिळत होते. लग्न ठरवायला आमच्याकडे याच्या निम्मादेखील वेळ देत नाहीत.

परवानगीचं पत्र मेट्रनकडून घ्यायचं होतं. ती इजिप्तची, कडक. तिने कारण विचारलं. मी दात दुखतो म्हणून सांगणार होते, पण ऐन वेळी तोंडातून खरं गेलं. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, सही केली, आणि पत्र हातात देताना माझ्या डोक्यावरचा रुमाल नीट केला. इस्मतने माझी ड्यूटी स्वतःवर घेतली आणि मला तिची चांगली पर्स दिली. मी नारळाच्या वड्या केल्या, बारा.

गुरुवारी मी वेळेवर पोचले. पावणेअकराला त्यांचा मेसेज आला: ‘विमानात बसवलंय. धुळीमुळे उडत नाही.’ साडेअकराला दुसरा: ‘पुन्हा खाली उतरवलं.’ मग काही नाही.

काचेच्या मोठ्या खिडकीपाशी खुर्च्यांची रांग होती, तिथे मी बसून राहिले. समोर एक बाई तीन मुलांना सांभाळत होती. ती तिन्ही मुलं आलटून पालटून माझ्याकडे बघत होती. बारा वाजता मी एक वडी खाल्ली. साडेबाराला स्मृतीचा फोन आला, आले का, कसे आहेत. मी म्हटलं, धूळ आहे. ती म्हणाली, थांब, मी नेटवर बघते. मी फोन बंद केला, बॅटरी कमी होती. एकला दोन वड्या.

बावीस वर्षं नर्सिंग केल्यावर वाट बघण्याचं मला काही वाटू नये. पण दुसऱ्याच्या नातेवाइकांबरोबर वाट बघणं वेगळं, आणि स्वतःसाठी वेगळं. मी स्वतःला समजावत होते की हे ठीकच झालं. पर्समध्ये फॉर्म होता, पेन होतं. इथेच पहिल्या चौकोनात खूण करून टाकावी आणि शनिवारी देऊन यावं. दोन वर्षं ही दोन वर्षंच असतात. पेन काढलंसुद्धा. मग वाटलं, गुडघ्यावर ठेवून लिहिलं तर कागद फाटेल. खरं तर खिडकीची कड चांगली रुंद होती. पेन परत ठेवलं आणि आणखी दोन वड्या खाल्ल्या.

दोन वाजून पाच मिनिटांनी एक उंच, किंचित डावीकडे झुकलेला माणूस हातात मोठं खाकी पाकीट घेऊन भराभर चालत आला, आणि मला ओलांडून पुढे गेला. मी हाक मारायची तर काय म्हणून मारणार? “एक्स-रे,” मी म्हटलं. ते वळले. तसलं पाकीट आमच्या धंद्याबाहेरचा माणूस बाळगत नाही.

ते माझ्या रांगेतच, पण मध्ये एक खुर्ची सोडून बसले. त्या खुर्चीवर मी डबा ठेवला. त्यांच्या केसांत धूळ होती, आणि इस्त्रीच्या शर्टावर मध्यभागी सीटबेल्टची घडी उमटली होती. आधी दोघंही धुळीवर बोललो, मग विमानांवर. मी डबा उघडून सांगून टाकलं, की बारा आणल्या होत्या, आता सात आहेत, आणि पाचांचा हिशेब विचारू नका. त्यांनी एक घेतली. देवरुखला यात बडीशेप घालतात म्हणाले. मी म्हटलं, चिपळूणला घालत नाहीत. बराच वेळ यावर मतभेद झाला. छान झाला.

मग त्यांनी ते पाकीट माझ्यापुढे धरलं. पत्रिका नाही आणली, म्हणाले, हे आणलंय. सुरक्षा तपासणीत पाकीट यंत्रातून घातलं, तेव्हा पलीकडचा शिपाई हसला म्हणे, की एक्स-रेचा एक्स-रे निघाला.

मी फिल्म काढली आणि उठून खिडकीच्या उजेडात धरली. समोरची तिन्ही मुलं चुळबुळ थांबवून बघायला लागली. छातीची फिल्म होती. डाव्या बाजूच्या पाचव्या, सहाव्या, सातव्या बरगड्या मोडून जुळलेल्या. जुळल्या होत्या पक्क्या, पण थोड्या वाकड्या. एकीवर हाडाची गाठ राहिली होती. त्यामुळे ते झुकून चालत होते.

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, “गाडी मी चालवत होतो.”

मी फिल्म तशीच धरून ठेवली. खाली केली असती तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं, आणि त्यांना ते नको होतं, एवढं मला कळत होतं. मग ते खिडकीकडे बघत बोलत राहिले. संध्याकाळची वेळ. हातखंब्याच्या पुढच्या वळणावर ट्रक उभा होता, मागचा दिवा नसलेला. ती मागे बसली होती. म्हणत होती, हळू घ्या, घाई नाही. त्यांना घाई नव्हतीच, नुसती सवय होती. पोलिसांनी दोष ट्रकचा ठरवला. सासुरवाडीच्यांनी कुणाचाच ठरवला नाही, आणि ते जास्त जड गेलं. त्या वर्षी जी पहिली नोकरी मिळाली ती तुरैफची. गाव कुठे आहे, हे त्यांनी विचारलंही नाही. तिथे गेल्यापासून त्यांनी गाडीला हात लावलेला नाही. मुलीला सगळं माहीत आहे. विवाह मंडळाच्या फॉर्मवर मात्र ‘अपघात’ एवढीच जागा होती.

“फोनवर सांगणार होतो,” ते म्हणाले. “दर शुक्रवारी. पण फोनवर तुम्ही काय करताय ते दिसत नाही. उठून गेलात तर कळलं नसतं.”

आता मला जे काही वाटलं, ते शब्दांत नीट बसत नाही. एक मात्र होतं. या माणसाने हजारावर किलोमीटरचा वळसा घालून, मी उठून गेले तर आपल्याला दिसावं, एवढ्याचसाठी यायचं ठरवलं होतं. मला बघायला यापूर्वी तीन जण आले होते, तरुणपणी. त्यांतल्या प्रत्येकाने स्वतःविषयी फक्त चांगलं सांगितलं होतं.

मी फिल्म पाकिटात घातली आणि बसले. विचारलं, “अजून दुखतं?”

“थंडीत.”

“आणि राहता कुठे, तर तुरैफला.”

ते पहिल्यांदा हसले. हसताना हात आपोआप डाव्या बरगडीवर गेला.

मग मी माझं सांगितलं. माझं मोडलेलं असं काही नाही, त्यामुळे दाखवायला फिल्म नाही. मी सकाळी सातपर्यंत कुणाशी बोलत नाही. माझा चहा मीच करते, दुसऱ्याने केलेला मला चालत नाही. इतकी वर्षं एकटी राहून मी हट्टी झाले आहे, आणि मला ते आवडतं. कुणाची रिकामी झालेली जागा भरायला मी येणार नाही. येईन तर माझी खुर्ची घेऊन येईन. ते ऐकत होते. नंतर म्हणाले, सातपर्यंत न बोलणं त्यांना जमेल. चहाचं बघू.

मी फॉर्म काढला आणि मधल्या खुर्चीवर, डब्याशेजारी ठेवला. त्यांनी तिसरा चौकोन पाहिला. त्यांच्याकडेही तोच फॉर्म होता, घडी घालून खिशात. ते लगेच म्हणाले, की ते रफ्ह्याला बदली मागतील, थंडीही कमी आहे. मी म्हटलं, नको. तुम्ही माझ्या गावात आलात तर जन्मभर माझ्यासाठी आल्यासारखे वागाल. आणि मी तुरैफला आले तर माझंही तसंच होईल, वर नळ गोठेल तो वेगळाच.

मला सिराजुद्दीनच्या भिंतीवरची रेघ आठवली. मी डब्यातल्या तीन वड्या काढून खुर्चीवर ओळीने मांडल्या. ही रफ्हा, ही तुरैफ. आणि मधल्या वडीवर बोट ठेवलं. अरार. प्रांताचं मुख्य गाव. दोनशे खाटांचं इस्पितळ आहे, एक्स-रे आहे, नर्सचा तुटवडा तर कायमचा. विमानतळसुद्धा आहे, पण विमानाची गरज पडणार नाही. “तुम्ही निम्मं या,” मी म्हटलं. “मी निम्मं येते.”

 मग त्यांनी माझं पेन घेतलं, स्वतःच्या फॉर्मवर तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि पुढे सावकाश अरार लिहिलं. अरबीत लिहिलं, उजवीकडून डावीकडे. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. मग अरारची वडी त्यांनी उचलली, मोडली आणि अर्धी माझ्यासाठी ठेवली. तेवढ्यात माझ्या विमानाची घोषणा झाली.

मी उठले. तेही उठले. हस्तांदोलन तिथे करायचं नसतं, आणि आमच्या पिढीला जमतही नाही. मी डब्याचं झाकण लावून डबाच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तोंड उघडलं आणि नेहमीसारखं वाक्य मधूनच सुरू करणार, असं वाटलं. पण म्हणाले, “सुनेत्रा, पोचलीस की कळव.”

रफ्ह्याला उतरून फोन चालू केला, तर स्मृतीचे सात मेसेज होते. शेवटचा असा होता: ‘नेटवर बघितलं. रियाधची धूळ ओसरतेय.’ मी तिला फोन केला आणि ठरलं म्हणून सांगितलं. ती रडली, नाक ओढलं, आणि लगेच म्हणाली, बघ, मी म्हणत होते ना, तासाभराचं अंतर आहे. तिला विमान, वळसा, पाइपलाइन सगळं समजावून सांगायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

इतक्यात त्यांचा मेसेज आला, विमानात बसताना पाठवलेला. त्यांनी घड्याळ लावलं होतं. येऊन बसल्यापासून माझी घोषणा होईपर्यंत एक तास अकरा मिनिटं. ‘नेटपेक्षा तीन मिनिटं जास्त. धूळ होती.’ मग मी स्मृतीला काहीच समजावलं नाही. म्हटलं, हो, तासाभराचंच आहे.

शनिवारी फॉर्म घेऊन मी इस्पितळाच्या ऑफिसात गेले. इस्मत बरोबर आली होती, कारण पर्स परत हवी होती. कारकुनाने तिसऱ्या चौकोनातली खूण पाहिली, अरार वाचलं, आणि कारणाच्या रिकाम्या रकान्यावर पेन टेकवून माझ्याकडे पाहिलं. मी अरबीत सांगायचा प्रयत्न केला. लग्न, सुट्टीत, जून, तो तुरैफ, मी रफ्हा, दोघं अरार. माझं व्याकरण त्याने मध्येच हात वर करून थांबवलं. खलास, समजलं, म्हणाला, आणि रकान्यात एकच शब्द लिहून फॉर्म माझ्याकडे सहीसाठी सरकवला.

सही करण्याआधी वाचावं, एवढं मी शिकले आहे. वाचला. फार नवा शब्द नव्हता. अकरा वर्षं हॉटेलांच्या दारावर बघत आले होते, त्याच्याच घरातला. आइली. कौटुंबिक.

इस्मतने माझ्या खांद्यावरून डोकावून वाचलं. “चला,” ती म्हणाली, “आता खऱ्या दाराने.”

मी सही केली. कागद कुठे फाटला नाही.